ग्लीसनला काय दिसले आणि त्याच्या हाती काय होते

प्रश्न थोडक्यात असा आहे. १९१९ सालच्या वर्ल्ड सीरीजमध्ये, म्हणजे अमेरिकन बेसबॉलच्या नॅशनल आणि अमेरिकन या दोन प्रमुख लीगच्या विजेत्यांमधल्या अंतिम मालिकेत, शिकागो व्हाइट सॉक्सच्या आठ खेळाडूंवर सामनानिश्चितीचा ठपका आला. त्या संघाचा मॅनेजर किड ग्लीसन हा स्वतः जुना पिचर, म्हणजे बॅटरला चेंडू टाकणारा खेळाडू, होता. मग आपले पिचर मुद्दाम खराब चेंडू टाकत आहेत हे त्याच्या लक्षात आले नाही का, आणि आले असेल तर त्याने त्याच पिचरना पुन्हा पुन्हा मैदानावर का उतरवले? प्रश्नकर्ते क्रिकेटमधले असल्यामुळे पिचरचा कोच आणि कोचचा मॅनेजर कसा होतो, हेही त्यांना जाणून घ्यायचे आहे.

मी गेली पंचवीसेक वर्षे महाविद्यालयीन मुलांना आधी सॉफ्टबॉल आणि नंतर बेसबॉल शिकवत आलो आहे, आणि त्यातला बराच काळ पिचरच्या हाताकडे बघण्यात गेला आहे. त्या अनुभवावरून मला वाटते की ग्लीसनला दिसले होते, आणि इतर कोणाहीपेक्षा लवकर दिसले होते. मात्र कोचला दिसणे आणि मॅनेजरने त्यावर निर्णय घेणे ही दोन वेगळी कामे आहेत. पहिल्या कामात हा माणूस असामान्य होता. दुसऱ्या कामात त्याच्या हाती किती पर्याय होते, ते सामन्यांच्या तारखा पाहिल्याशिवाय कळत नाही.

आधी एक शब्द स्पष्ट करतो. आपल्याकडे क्रिकेट संघाचा मॅनेजर म्हणजे प्रवास, निवास आणि सामानसुमान पाहणारा माणूस. बेसबॉलमधला मॅनेजर संघाचा गणवेश घालून मैदानालगतच्या डगआउटमध्ये बसतो, नऊ जणांचा बॅटिंगचा क्रम ठरवतो, पिचर कधी बदलायचा हे ठरवतो आणि हरल्यास नोकरी गमावतो. क्रिकेटच्या कर्णधाराची आणि प्रशिक्षकाची निम्मीनिम्मी कामे एकत्र केली तर जे तयार होईल, ते त्याचे पद. कोच हा त्याच्या हाताखालचा: तो सराव घेतो, बेसवरून धावणाऱ्याला, म्हणजे रनरला, इशारे देतो, नव्या मुलाची चूक सुधारतो. ग्लीसनच्या तरुणपणी पगारी कोच ही गोष्टच जवळजवळ नव्हती. न्यूयॉर्क जायंट्सने १९०९ मध्ये आर्ली लॅथमला ठेवले, तो पहिला पूर्णवेळ कोच मानला जातो. तोपर्यंत ज्येष्ठ खेळाडू खेळता खेळताच शिकवत असत.

विल्यम ग्लीसनचा जन्म २६ ऑक्टोबर १८६६ रोजी न्यू जर्सीतील कॅमडेन येथे झाला. उंची पाच फूट सात इंच, वजन बहात्तर किलोच्या आसपास, त्यामुळे ‘किड’ म्हणजे पोरगा हे नाव त्याला चिकटले ते साठी उलटल्यावरही सुटले नाही. १८८८ मध्ये तो नदीपलीकडच्या फिलाडेल्फियाच्या नॅशनल लीग संघात आला. तिथला मॅनेजर होता हॅरी राइट, आणि क्रिकेटच्या वाचकांनी हे नाव लक्षात ठेवावे. राइटचा जन्म इंग्लंडमधील शेफील्डचा, वडील न्यूयॉर्कच्या सेंट जॉर्ज क्रिकेट क्लबचे व्यावसायिक खेळाडू, आणि तो स्वतःही तिथे क्रिकेटच खेळत होता. बेसबॉलमधला पहिला उघडपणे पूर्ण व्यावसायिक संघ, १८६९ चा सिनसिनाटी रेड स्टॉकिंग्ज, त्यानेच बांधला. सरावाला शिस्त लावणारा हा मॅनेजर ग्लीसनला पहिल्याच उमेदवारीत मिळाला.

पहिली दोन वर्षे बेताचीच गेली: १८८८ मध्ये ७ विजय आणि १६ पराभव, १८८९ मध्ये ९ आणि १५ (बेसबॉलमध्ये प्रत्येक सामन्याचा विजय वा पराभव एका पिचरच्या नावावर लिहितात). १८९० मध्ये मात्र लीगमधल्या बहुसंख्य चांगल्या खेळाडूंनी मालकांच्या जाचाला कंटाळून आपली स्वतंत्र प्लेयर्स लीग काढली. ग्लीसन जुन्याच संघात राहिला, आणि त्या वर्षी त्याने ५०६ इनिंग (एका सामन्यात प्रत्येक संघाच्या नऊ लहान पाळ्या, म्हणजे इनिंग, असतात) टाकून ३८ सामने जिंकले व १७ गमावले. संघाच्या एकूण विजयांपैकी जवळपास निम्मे त्याच्या एकट्याच्या नावावर आहेत. चांगले बॅटर दुसऱ्या लीगमध्ये गेल्यामुळे हे आकडे फुगले, हे मान्य करायला हवे. तरीही पाचशे इनिंग एका खांद्याने टाकणे म्हणजे काय, हे ज्याने पिचरचा खांदा दुसऱ्या दिवशी बर्फात ठेवला आहे त्याला विचारावे. आजचा मेजर लीगमधला पिचर दोनशेपर्यंत पोहोचला तर त्याचे कौतुक होते.

पुढे १८९१ मध्ये २४ विजय, मग सेंट लुइसला जाऊन १८९२ मध्ये २० आणि १८९३ मध्ये २१. आकडे अजून ठीक दिसतात, पण १८९३ मध्ये त्याच्या पायाखालची जमीन बदलली होती. तोपर्यंत पिचर साडेपाच फूट लांबीच्या चौकटीत उभा राहत असे. चौकटीची पुढची रेषा होम प्लेटपासून, म्हणजे बॅटरजवळच्या पट्टीपासून, ५० फुटांवर होती आणि मागचा पाय मागच्या रेषेवर टेकवावा लागत असल्यामुळे प्रत्यक्ष अंतर साडेपंचावन्न फूट पडत होते. १८९३ मध्ये चौकट रद्द होऊन रबराची पट्टी आली, ती ६० फूट ६ इंचांवर, म्हणजे अंतर एकदम पाच फुटांनी वाढले. आजही तेच अंतर आहे. नॅशनल लीगची एकूण बॅटिंग सरासरी (बॅटिंगच्या संधींपैकी किती वेळा हिट, म्हणजे चेंडू मारून बेस गाठणे, जमले त्याचे प्रमाण) १८९२ मध्ये .२४५ होती, ती पुढच्या वर्षी .२८० आणि १८९४ मध्ये .३०९ वर गेली. एमॉस रूसीसारखा सहा फुटांहून उंच, धिप्पाड आणि भन्नाट वेगाचा पिचर या बदलात टिकला. वेगाला शरीराचे पाठबळ कमी असलेल्या लहान चणीच्या पिचरचा चेंडू ओळखायला बॅटरला आता जास्त वेळ मिळू लागला होता. ग्लीसन सेंट लुइसहून १८९४ च्या हंगामात बाल्टिमोर ओरिओल्सकडे गेला, तिथे त्याने १५ सामने जिंकून संघाला पेनंट, म्हणजे लीगचे विजेतेपद, मिळवायला हातभार लावला, पण १८९५ मध्ये पिचर म्हणून त्याचे केवळ २ विजय आहेत. त्याची पिचिंगची एकूण नोंद १३८ विजय आणि १३१ पराभव इथे थांबते.

माझ्या मते त्याच्या आयुष्यातला खरा टप्पा हा आहे. वय अठ्ठावीस, हात थकलेला, नियम विरोधात गेलेला. अशा वेळी बहुतेक पिचर घरी जातात. नेड हॅनलनच्या ओरिओल्समध्ये मात्र ग्लीसनला दुसरा बेस (बॅटरने धावताना गाठायच्या थांब्यांपैकी दुसरा) सांभाळायला दिला गेला आणि त्या वर्षी त्याने .३०९ ची बॅटिंग केली. हा संघ म्हणजे मॅनेजर तयार करणारी पाठशाळाच होती: जॉन मॅक्ग्रॉ, ह्यूई जेनिंग्ज आणि विल्बर्ट रॉबिन्सन हे तिघेही त्याच संघातले, आणि तिघेही पुढे नावाजलेले मॅनेजर झाले. हिट अँड रन (चेंडू टाकताच रनरने पळायचे आणि बॅटरने तो मारायचाच), बंट (बॅट हलकेच लावून चेंडू जवळच पाडणे), रनर पळताच बेस सांभाळायला कोणी धावायचे याची आधीच ठरलेली वाटणी, असल्या गोष्टी तिथे रोज घासल्या जात. पिचर चार दिवसांतून एकदा खेळतो. सेकंड बेसमन रोज खेळतो, आणि कॅचरच्या (बॅटरमागे बसणाऱ्या, यष्टिरक्षकासारख्या खेळाडूच्या) खुणा त्याला समोरून दिसतात. पिचर कुठे फसतो हे आतून ठाऊक असलेला माणूस आता प्रत्येक पिचरला दीडशे सामने मागून न्याहाळू लागला. त्यानंतर जायंट्समध्ये पाच हंगाम, अमेरिकन लीग सुरू झाली त्या १९०१ पासून दोन वर्षे डेट्रॉइट, आणि १९०३ पासून पुन्हा फिलाडेल्फिया, असा तो १९०८ पर्यंत खेळत राहिला. दुसऱ्या बेसवर १,५०० हून अधिक सामने आणि एकूण १,९०० हून अधिक हिट्स. पिचर म्हणून सुरुवात केलेल्या माणसाच्या नावावर हे आकडे आहेत, हे मी माझ्या खेळाडूंना मुद्दाम सांगतो.

पिचर मॅनेजर होत नाही, कॅचर होतो, असा एक समज आपल्याकडच्या प्रशिक्षकांतही आहे. त्या काळात तो खरा नव्हता. व्हाइट सॉक्सचेच पाहा: १९०१ मध्ये क्लार्क ग्रिफिथने स्वतः २४ सामने पिचर म्हणून जिंकले आणि मॅनेजर म्हणून त्याच संघाला पेनंटही मिळवून दिले. ग्लीसनला १९१२ मध्ये व्हाइट सॉक्सने कोच म्हणून घेतले तेव्हाचा मॅनेजर निक्सी कॅलहन हाही मूळचा पिचरच, आणि तोही ग्लीसनप्रमाणेच पुढे दुसऱ्या जागांवर खेळलेला. त्या मोसमात पंचेचाळीस वर्षांचा ग्लीसन एका सामन्यात खेळलाही. पुढची काही वर्षे त्याने शिकागोच्या इनफिल्डर्सना, म्हणजे बेसजवळच्या क्षेत्ररक्षकांना, घडवले. लांब, हलकी फंगो बॅट घेऊन चेंडू स्वतःच उडवायचा आणि तासन्‌तास जमिनीलगत फटके मारायचे, हे इनफिल्ड कोचचे रोजचे काम. ते कंटाळवाणे आहे, आणि ते न कंटाळता करणारा माणूस संघाला हवा असतो.

१९१७ मध्ये व्हाइट सॉक्सने क्लॅरन्स रोलंडच्या हाताखाली वर्ल्ड सीरीज जिंकली. १९१८ मध्ये महायुद्धामुळे खेळाडू पांगले, संघ सहावा आला आणि रोलंड गेला. मालक चार्ल्स कॉमिस्कीने बावन्न वर्षांच्या ग्लीसनला मॅनेजर केले. पहिल्याच हंगामात ८८ विजय, ५२ पराभव आणि पेनंट. एडी सिकॉटने २९ सामने जिंकले, लेफ्टी विल्यम्सने २३. तिसरा भरवशाचा पिचर रेड फेबर मात्र त्या वर्षी आजारपण आणि दुखापतींनी इतका खिळखिळा झाला होता की वर्ल्ड सीरीजमध्ये तो एकही चेंडू टाकू शकला नाही. ही एक गोष्ट पुढचे सगळे समजायला अत्यावश्यक आहे.

सीरीज त्या वर्षी नऊ सामन्यांची होती, पाच जिंकणारा विजेता. प्रतिस्पर्धी होता सिनसिनाटी रेड्स. १ ऑक्टोबरला सिनसिनाटीत पहिला सामना झाला. सिकॉटने रेड्सच्या पहिल्याच बॅटरला, मॉरी रॅथला, चेंडू मारला. कट रचणाऱ्यांना ठरलेली खूण होती ती हीच. चौथ्या इनिंगमध्ये पाच धावा गेल्या, ग्लीसनने त्याच इनिंगमध्ये सिकॉटला काढले आणि सामना ९-१ ने गेला. दुसऱ्या दिवशी विल्यम्सने सहा बॅटरना चार बॉल देऊन फुकट बेस दिला, त्यातले तीन एकाच इनिंगमध्ये, आणि सामना ४-२ ने गेला. पूर्ण हंगामात २९७ इनिंगमध्ये ५८ वेळा असे बेस देणारा हा पिचर. नियंत्रणासाठीच ओळखल्या जाणाऱ्या पिचरने असे करणे हे कॅचर रे शॉकलाही खटकले आणि ग्लीसनलाही. आपल्या मनातला संशय त्याने कॉमिस्कीच्या कानावर सीरीज चालू असतानाच घातला होता.

इथे एक गोष्ट सरावाच्या मैदानावरून सांगतो. थकलेला हात आणि बेइमान हात डगआउटमधून अगदी सारखेच दिसतात. चेंडू हातातून सुटण्याची जागा चार बोटे खाली येते, पुढचा पाय अलीकडे पडतो, वळणारा चेंडू वळत नाही, सरळ तरंगत येतो. मी असे दहा वेळा पाहिले आहे, आणि दहाही वेळा कारण खांदा, झोप किंवा परीक्षा हेच निघाले. सिकॉट पस्तीस वर्षांचा होता, त्याने त्या हंगामात तीनशेहून अधिक इनिंग टाकल्या होत्या आणि शेवटच्या आठवड्यांत त्याचा हात दुखत असल्याचे सर्वांना माहीत होते. म्हणजे पहिल्या सामन्यातल्या त्याच्या खराब चेंडूंना एक पूर्ण प्रामाणिक कारण उपलब्ध होते. चौथ्या सामन्यातल्या दोन चुकांना तसे कारण नाही. पाचव्या इनिंगमध्ये त्याने हाती आलेला सोपा चेंडू पहिल्या बेसकडे भलतीकडेच फेकला, आणि लगेच आउटफिल्डमधून जो जॅक्सनने केलेली फेक मध्येच हात घालून दिशा बदलून टाकली. पिचरने तिथे हात घालायचा नसतो, हे पंधरा वर्षांच्या मुलालाही शिकवलेले असते. थकव्याने हात खाली येतो; थकव्याने माणूस फेकीच्या आड जात नाही. त्या दोन चुकांवर सामना २-० ने गेला. ग्लीसनने हे पाहिले तेव्हा त्याच्या मनात काय आले असेल, याची मला सहज कल्पना करता येते.

मग त्याने त्यांना पुन्हा का खेळवले? तारखा पाहा. डिकी कर हा नवखा, ग्लीसनइतकाच बुटका डावखुरा पिचर कटात नव्हता. त्याने ३ ऑक्टोबरला तिसरा सामना एकही धाव न देता ३-० ने जिंकला, आणि ७ ऑक्टोबरला सहावा सामना दहा इनिंग टाकून ५-४ ने जिंकला. ८ तारखेला सिकॉटने या वेळी खरोखर खेळून सातवा सामना ४-१ ने जिंकला. ९ तारखेच्या आठव्या सामन्यासाठी उरले कोण? करने दहा इनिंग टाकून मध्ये एकच दिवस गेला होता. सिकॉट आदल्या दिवशीच पूर्ण सामना खेळला होता. फेबर उपलब्धच नव्हता. दोन सामने हरलेला विल्यम्स, किंवा बाकावरचे हंगामभर फारसे न वापरलेले पिचर, एवढेच दोन पर्याय. ग्लीसनने विल्यम्सला निवडले, एक बॅटर बाद होताच सलग चार हिट्स गेल्या, ग्लीसनने त्याला तिथेच काढून बिल जेम्सला आणले, पण पहिल्या इनिंगमध्ये चार धावा झाल्या होत्या. सामना १०-५ आणि सीरीज ५-३ ने गेली. दूरून पाहताना जेम्सने सुरुवात केली असती तर, असे म्हणता येते. मीही एके काळी तसे म्हणत होतो. पण संशयावरून २३ सामने जिंकलेल्या पिचरला निर्णायक सामन्यात बसवणारा मॅनेजर, तो निर्दोष निघाला असता तर, दुसऱ्या दिवशी मालकाला आणि वृत्तपत्रांना काय सांगणार होता?

ग्लीसनवर एक आक्षेप मला रास्त वाटतो. १९२० च्या हंगामात, संशय मनात असतानाही, जवळपास तोच संघ खेळला, आणि मॅनेजर गप्प राहिला. त्या वर्षी फेबर २३, विल्यम्स २२, कर २१ आणि सिकॉट २१ अशा चार पिचरनी वीसहून अधिक सामने जिंकले, जे बेसबॉलमध्ये अतिशय विरळ आहे. २८ सप्टेंबरला सिकॉटने ग्रँड ज्यूरीपुढे (खटला भरायचा का हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळापुढे) कबुली दिली आणि कॉमिस्कीने संघात असलेल्या सात जणांना निलंबित केले. आठवा, चिक गँडिल, त्या हंगामात संघात परतलाच नव्हता. तीन सामने शिल्लक होते. व्हाइट सॉक्स ९६ विजयांवर थांबले, क्लीव्हलँड ९८ वर. खेळाडूंना नावे ठेवायची झाली तर मालकालाही सोडता येत नाही, पण तो वेगळा विषय आहे. १९२१ च्या खटल्यात ग्लीसनची साक्ष बचाव पक्षाच्या कामी आली, हा तपशील बहुतेकांना ठाऊक नसतो: सट्टेबाजांशी भेट झाली असे जेव्हा सांगितले जात होते, त्या वेळी खेळाडू सरावाला होते, असे त्याने सांगितले. २ ऑगस्टला आरोपी निर्दोष सुटले आणि दुसऱ्याच दिवशी बेसबॉल आयुक्त केनेसॉ लँडिसने आठही जणांवर आजन्म बंदी घातली.

उरलेल्या संघाचे काय झाले, त्यावरून मला ग्लीसनमधला कोच अधिक दिसतो. १९२१ मध्ये संघ ६२ विजय आणि ९२ पराभवांसह सातवा आला. पण त्या ६२ पैकी फेबरचे २५ आणि करचे १९ आहेत. अर्धा संघ उडालेला, मागे क्षेत्ररक्षण कच्चे, आणि तरीही दोन पिचर मिळून ४४ सामने जिंकतात, यामागे कोणीतरी त्यांचा हात, त्यांची विश्रांती आणि त्यांचा धीर सांभाळत असते. १९२२ मध्ये ७७ विजय आणि ७७ पराभव. त्याच वर्षी ३० एप्रिलला डेट्रॉइटमध्ये चार्ली रॉबर्टसन नावाच्या फारशा कोणाला ठाऊक नसलेल्या पिचरने २७ पैकी २७ बॅटर बाद करून २-० ने सामना जिंकला. असा निर्दोष सामना त्याच्या कारकिर्दीत पुन्हा झाला नाही. १९२३ मध्ये ६९-८५ अशा हंगामानंतर ग्लीसनने पद सोडले. मॅनेजर म्हणून त्याची एकूण नोंद ३९२ विजय आणि ३६४ पराभव अशी आहे.

त्यानंतर काही काळ तो खेळापासून दूर राहिला. १९२६ मध्ये फिलाडेल्फिया ॲथलेटिक्सच्या कॉनी मॅकने त्याला कोच म्हणून बोलावले. मॅक स्वतः गणवेश न घालता सूट आणि टोपी घालून डगआउटमध्ये बसत असे, त्यामुळे मैदानावर जाऊन प्रत्यक्ष करून दाखवणारा माणूस त्याला हवाच होता. निर्णय दुसऱ्याचा आणि नजर आपली, ही वाटणी ग्लीसनला मानवली. शिकागोत त्याच्या हाताखाली सेकंड बेसमन असलेला एडी कॉलिन्स, कटात नसलेल्यांपैकी सर्वात मोठा खेळाडू, हाही पुढे तिथेच कोच झाला, आणि त्या दोघांच्या देखरेखीखाली ॲथलेटिक्सने १९२९ आणि १९३० ची वर्ल्ड सीरीज जिंकली व १९३१ मध्ये पेनंट. ग्लीसन २ जानेवारी १९३३ रोजी फिलाडेल्फियात वारला, कॅमडेनच्या समोरच्या तीरावर.